तोफगाड्याचे बैल (वऱ्हाडची मोहीम, १८०३)

तोफगाड्याचे बैल : रणांगणावर तोफा ओढण्यासाठी फौजेत बाळगलेले बैल. वऱ्हाडच्या इतिहासात ते ठळकपणे दिसतात ते दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, तेही दोनच ठिकाणी : अडगाव (ता. तेल्हारा, जि. अकोला) आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड (जि. अमरावती). अडगावला त्यांनी इंग्रजांची लढाई जवळजवळ घालवली. गाविलगडाला त्यांचे काम माणसांना करावे लागले.

या मोहिमेचा सेनापती आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) म्हैसूरहून निघाला होता. हैदर आणि टिपू यांनी जोपासलेले ‘अमृतमहाल’ जातीचे बैल १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती आले. झपाझप चालणाऱ्या या जनावरांवर वेलस्लीचा भारी जीव. पुढे स्पेनमधल्या लढायांत त्याला त्यांची उणीव जाणवत असे, असे सांगतात. दाणागोटा मात्र बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले, गोणी लादलेल्या त्यांच्या बैलांवर.

तोफेच्या बैलाची अडचण साधी आहे. तो तोफेइतकेच मोठे निशाण असतो आणि त्याला आडोसा नसतो. याच युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला (जि. जालना) झालेल्या लढाईत शिंद्यांच्या तोफांनी इतके बैल लोळवले, की इंग्रजांना आपल्या तोफा मागेच सोडून पायदळ पुढे न्यावे लागले.

अडगावची लढाई २९ नोव्हेंबरची. समोर नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ. शिंद्यांशी आठवडाभरापूर्वीच लढाईची तहकुबी ठरली होती, पण तिच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत. ऊन कडक होते, फौज लांबची मजल मारून आली होती आणि वेलस्लीच्या मनात त्या दिवशी मुक्कामच करायचा होता. शत्रू दिसला तसा बेत बदलला. गावाच्या कडेने पलटणी मैदानात उतरू लागल्या आणि समोरच्या तोफा धडाडल्या. आघाडीच्या तोफगाड्यांचे बैल बिथरले, गाडीवानांना आवरेनात, आणि उलटे फिरून थेट मागच्या पायदळात घुसले. शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) उधळलेली जोडी माणसांच्या घोळक्यात शिरताना ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथे धुरकऱ्याच्या हाती कासरा तरी असतो. इथे जोड्यांमागे तोफ होती. असईला छातीठोकपणे लढलेल्या जवळजवळ तीन पलटणी फुटल्या आणि पळत सुटल्या.

तोफांचा हा मारा असईच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, असे वेलस्लीनेच नंतर एका पत्रात लिहिले. आपण जवळ नसतो तर लढाई गेली असती, हेही तिथेच कबूल केले. त्याने पळणाऱ्यांना आधी थोपवून पाहिले. जमेना, तेव्हा शिव्या देत बसला नाही. अधिकाऱ्यांना सांगितले, यांना गावाच्या आडोशाला न्या, रांगा पुन्हा लावा. आणि मग स्वतः त्यांना घेऊन पुढे आला. बाकीची फळी मांडून होईपर्यंत पायदळाला जमिनीवर पालथे पडून राहायला लावले. बिथरलेल्या जनावराला आधी सावलीत नेऊन उभे करावे, ही रीत आपल्याकडे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. इथे ती माणसांवर चालली. दिवस कलताना चाल झाली, ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. आणखी तासभर उजेड असता तर एकही माणूस सुटला नसता, असे वेलस्लीने लिहिले आहे. इंग्रजी दप्तरात या गावाचे नाव ‘अर्गाम’ असे पडले, आणि १८५१ मध्ये मंजूर झालेल्या हिंदुस्थानच्या मोहिमांच्या पदकावरही तेच कोरले गेले.

गाविलगडाची गोष्ट उलटी. दक्षिणेची चढण उभी; मारा करता येण्यासारखी बाजू उत्तरेची, आणि तिकडे जायचे तर मेळघाटातून. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत दऱ्याखोऱ्यांतून स्वतः रस्ता काढला आणि जवळजवळ सगळी वाट जड तोफा व दारूगोळा हातांनी ओढत लबाडा गावापर्यंत नेला. उतारावर दोर मागून खेचून तोफ धरायची, चढावर पुढून ओढायची. त्या वाटेवर बैलजोडीचा उपयोग फारसा नव्हता. १३ तारखेला मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडार पडले आणि १५ तारखेला सकाळी हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला, तरी आतल्या कोटाच्या तटाला एकही खिंडार नव्हते. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून त्यावर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र भोसल्यांकडेच ठेवण्यात आले.