‘बिटकॉइन साइन्ड मेसेज’: पाकिटावरचा वेगळा, सहीतला वेगळा

बिटकॉइनचा पत्ता आपलाच आहे हे दाखवायला एखाद्या मजकुरावर त्या पत्त्याच्या खासगी कीने डिजिटल सही करतात; त्या संदेशाबद्दल हे आहे. खासगी की (सही करायची गुप्त किल्ली), पब्लिक की (सही तपासायची उघड किल्ली), हॅश (मजकुराचा ठसा) हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. घोळ त्याच्या पुढे होतो. ‘बिटकॉइन साइन्ड मेसेज’ हे शब्द दोन ठिकाणी येतात आणि लोक दोन्ही एकच समजतात.

पहिली जागा डोळ्यांना दिसते. डॅशांच्या मध्ये ‘बिगिन बिटकॉइन साइन्ड मेसेज’, खाली मजकूर, मग ‘बिगिन सिग्नेचर’, पत्ता, सही आणि ‘एंड’ची ओळ. पीजीपीच्या (ईमेलवर सही करायच्या जुन्या पद्धतीच्या) धर्तीवरचं हे नुसतं पाकीट आहे, म्हणजे लिफाफा. त्यातल्या एकाही डॅशवर सही नसते. पाकीट फेकून पत्ता, मजकूर, सही तीन रकान्यांत टाका, पडताळणी होते. पाकिटातला पत्तासुद्धा फक्त दावा असतो. ६५ बाइटांच्या सहीतून पब्लिक की परत काढून तो तपासावा लागतो.

दुसरी जागा दिसतच नाही. सही करण्याआधी वॉलेट (किल्ल्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) मजकुरापुढे स्वतःहून २४ बाइटांचा उपसर्ग लावतं: तेच तीन शब्द, कोलन, नवी ओळ. उपसर्गाआधी त्याची लांबी, मजकुराआधी मजकुराची. या सगळ्याचा दोनदा एसएचए-२५६ पद्धतीने हॅश. सही या हॅशवर होते. त्यामुळे संदेशाची सही कुणाला व्यवहारावर चिकटवता येत नाही.

आता ‘हा पत्ता माझा आहे’ हे वाक्य घ्या. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत) त्याचे ४५ बाइट होतात. पाकिटातून कॉपी करताना ‘बिगिन सिग्नेचर’च्या आधीची नवी ओळ सोबत आली की ४६, विंडोजच्या पद्धतीची असेल तर ४७. लांबी बदलली, हॅश बदलला, पडताळणी फसली. ती ओळ पाकिटाची होती, मजकुराची नव्हती! एवढ्यावरून प्रामाणिक माणसाला खोटं ठरवलेलं मी पाहिलंय आणि त्याचा मला मनापासून राग येतो. म्हणून माझा आग्रह: मजकूर एकाच ओळीत लिहा, शेवटी काही सोडू नका.

अशा सह्या कशा करायच्या हे सांगणारे दोन प्रस्ताव आहेत: बीआयपी (बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव) १३७ आणि ३२२. त्यांतला फरक त्यामानाने सोपा. १३७ पत्त्याचा प्रकार सहीच्या पहिल्या बाइटमध्ये सांगतं. ३२२ एका काल्पनिक व्यवहारावर सही करवतं, म्हणून ते टॅपरूट (नव्या प्रकारचे पत्ते) आणि मल्टिसिगलाही (एकाहून जास्त सह्या लागणारे पत्ते) चालतं. नव्या पत्त्यांसाठी मी ३२२ च निवडतो. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो-नेटवर्कचा उपसर्ग दिसायला असाच, पण तिथे हॅश केकॅक-२५६ या वेगळ्या पद्धतीचा आणि मजकुराची लांबी साध्या दशमान आकड्यांत लिहिलेली. बिटकॉइनच्या पडताळणीत ती सही घालू नका.