ईसीजीच्या पडद्यावरची ती सरळ रेघ

‘अ‍ॅडेनोसिन टोचून डॉक्टर हृदय बंद पाडतात आणि पुन्हा चालू करतात’ असे वर्णन अनेकदा ऐकायला मिळते. ईसीजीच्या पडद्यावर काही सेकंद सरळ रेघ उमटलेली ज्या नातेवाइकांनी पाहिली असेल, त्यांना ते पटणेही स्वाभाविक आहे. तरीही ते अर्धेच खरे आहे.

हे इंजेक्शन ज्या विकारात देतात, त्याला ‘एसव्हीटी’ (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया) म्हणतात. कोणतेही श्रम न करता ठोके अचानक वाढतात आणि मिनिटाला १५० ते २२० पर्यंत जातात. हा हृदयविकाराचा झटका नव्हे. येथे रक्तवाहिनी तुंबलेली नसून बिघाड विजेच्या संदेशात असतो.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारा संदेश एव्ही नोड नावाच्या अरुंद नाक्यातून जातो. एसव्हीटीच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात या नाक्यापाशी दोन वाटा असतात. एक वेगवान असते, पण संदेश गेल्यावर तिला पुन्हा सज्ज व्हायला वेळ लागतो. दुसरी संथ असते, पण लवकर सज्ज होते. एखादा ठोका अवेळी पडला, तर वेगवान वाट अजून सज्ज नसल्यामुळे त्याचा संदेश संथ वाटेने खाली उतरतो. तो तळाशी पोहोचेपर्यंत वेगवान वाट मोकळी झालेली असते, म्हणून तो तिच्यातून उलटा वर चढतो, पुन्हा संथ वाटेने उतरतो आणि असा गोल फिरत राहतो. प्रत्येक फेरीगणिक एक ठोका पडतो.

अ‍ॅडेनोसिन एव्ही नोडच्या पेशींवरील ‘ए-१’ ग्राहींना, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या रेणूंना, चिकटते. त्यामुळे पोटॅशियमचे मार्ग उघडतात, धनभारित पोटॅशियम पेशीबाहेर जाते आणि पेशीच्या आतली बाजू अधिक ऋणभारित होते. त्याच वेळी या पेशींना उद्दीपित करणाऱ्या कॅल्शियमचा प्रवेशही मंदावतो. नाका क्षणभर बंद होतो, फिरणारा संदेश तेथेच विझतो आणि हृदयाचा मूळ गतिकारक पुन्हा सूत्रे हाती घेईपर्यंत पडद्यावर सरळ रेघ दिसते. थोडक्यात, ही रेघ म्हणजे उपचार लागू पडल्याची खूण असते.

तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर हे औषध इतक्या झपाट्याने शोषून घेतात की त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे औषध नाहीसे व्हायला लागणारा वेळ, १० सेकंदांहूनही कमी असते. म्हणूनच ते हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत झटक्यात देऊन लगेच मागून सलाईन ढकलतात. प्रौढांना सहसा आधी ६ मिलिग्रॅम आणि गरज पडल्यास १२ मिलिग्रॅम देतात. अ‍ॅडेनोसिन ज्यांत मोडते त्या अ‍ॅडेनिन संयुगांचा हृदयावरील परिणाम ड्रुरी आणि सेंट-जॉर्जी या संशोधकांनी १९२९ मध्येच नोंदवला होता. यातले सेंट-जॉर्जी म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले तेच.

त्या काही सेकंदांत चेहरा तापतो, छातीवर दडपण येते, श्वास अडल्यासारखा वाटतो आणि ‘आता आपण मरणार’ अशी भीतीही दाटून येते. याची कल्पना रुग्णाला आधीच द्यायला हवी, कारण अनपेक्षित भीती पुढे बराच काळ मनात राहते. दमा असल्यास, तसेच थिओफायलिन, डायपिरिडॅमोल किंवा कार्बामाझेपिन यांपैकी एखादे औषध चालू असल्यास डॉक्टरांना ते न विसरता सांगावे. नुकतीच कॉफी किंवा चहा घेतला असल्यास तेही सांगावे, कारण कॅफीन याच ग्राहींची जागा अडवते. झोप उडवण्याचा त्याचा गुणही मेंदूतील अ‍ॅडेनोसिनच्या ग्राहींची जागा अडवण्यातूनच येतो.

एसव्हीटी बऱ्याचदा आपोआपही थांबते आणि तीही सुरू झाली तशीच अचानक. त्यामुळे त्या क्षणी जो मंत्र म्हटला किंवा जो तोडगा केला, त्याच्याकडे श्रेय जाते. फसलेले तोडगे मात्र कोणी मोजत नाही.

इंजेक्शनाने चालू असलेली एसव्हीटी थांबते, दोन वाटा मात्र तशाच राहतात. हा त्रास वारंवार होणाऱ्यांना संथ वाटेचा नेमका भाग कॅथेटरमधून दिलेल्या उष्णतेने निकामी करण्याची, म्हणजे अ‍ॅब्लेशनची, शिफारस केली जाते.