सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी चढल्यावर रस्ता कोण बदलतो?

मोबाइलवरची निळी रेघ उपग्रह आखतो, हा समज काही केल्या जात नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून वेळेचे आणि स्वतःच्या जागेचे संकेत पाठवतात, बस्स. त्यावरून मोबाइल आपले ठिकाण काढतो. साताऱ्याहून सांगलीला कसे जायचे, हे गणित मात्र कुठल्यातरी सर्व्हरवर होते. असा सर्व्हर भाड्याच्या क्लाउड मशिनवर, टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) चार-पाच आज्ञा देऊन आपल्यालाही उभा करता येतो. (आज्ञा रोमन लिपीतच टाइप करायच्या, इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

साहित्य फुकट आहे: ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला) नकाशा, ओएसआरएम हे रस्ता शोधणारे मुक्त सॉफ्टवेअर, उबंटू या लिनक्स प्रणालीचे मशिन आणि त्यावर डॉकर (सॉफ्टवेअर डबाबंद स्वरूपात चालवणारे साधन). नकाशाच्या तयार फाइली जिओफॅब्रिक या संकेतस्थळावर मिळतात. तिथली भारताच्या पश्चिम विभागाची फाइल लहान म्हणून उचलावीशी वाटते. साताऱ्याला ती चालेल, सांगलीला नाही. म्हैसाळच्या पुढे कागवाड, जतच्या पुढे विजापूर, म्हणजे लगेच कर्नाटक, आणि ही फाइल सीमेवरच संपते. म्हणून संपूर्ण भारताची फाइल घ्या आणि 'ऑस्मियम एक्स्ट्रॅक्ट' या नकाशा कापणाऱ्या आज्ञेने रेखांश 73.5 ते 76 आणि अक्षांश 16 ते 18.7 एवढा चौकोन कापून काढा.

त्या तुकड्यावर 'ओएसआरएम-एक्स्ट्रॅक्ट' चालवायचे, सोबत मोटारीची प्रोफाइल. कोणत्या रस्त्याला किती वेग आणि कुठे एकेरी वाहतूक, हे ती ठरवते. एकेरीचे महत्त्व खंबाटकीत कळते. पुण्याहून येणारी गाडी वर्षानुवर्षे घाट चढून येत आली आहे आणि साताऱ्याहून जाणारी बोगद्यातून जात आली आहे. म्हणजे जाण्याचे आणि येण्याचे अंतर सारखे नाही. ही पायरी मेमरी खाते. मध्येच 'किल्ड' एवढाच शब्द उमटून 137 हा संकेतांक आला, तर रॅम संपली असे समजा. 8 गिगाबाइटची स्वॅप फाइल (डिस्कचा भाग रॅमसारखा वापरणारी) जोडा, नाहीतर मोठे मशिन तासाभरासाठी भाड्याने घ्या आणि तयार फाइली लहान मशिनवर हलवा. दोन्हीकडे ओएसआरएमची आवृत्ती एकच हवी, नाहीतर तो फाइली उघडायलाच नकार देतो.

आता खरी गंमत. डच गणितज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेली रीत पुराच्या पाण्यासारखी पसरते. सांगली गाठायची असली, तरी ती साताऱ्याहून महाबळेश्वर आणि फलटणकडेही तितक्याच इमानाने शोध घेते. उत्तर बिनचूक येते, पण उशिरा. 2008 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या संशोधकांनी 'आकुंचन' मांडले. आधी सगळ्या चौकांना आणि फाट्यांना महत्त्वानुसार क्रमांक द्यायचे. मग सर्वांत बिनमहत्त्वाच्या फाट्यापासून सुरुवात करून एकेक फाटा नकाशातून पुसत जायचे. समजा अ गावाहून फाट्यापर्यंत 4 मिनिटे आणि फाट्याहून ब गावाला 6 मिनिटे लागतात. दुसऱ्या वाटेने अ ते ब 9 मिनिटांत होत असेल, तर फाटा खुशाल पुसा. ती वाट 11 मिनिटांची असेल, तर फाटा पुसताना अ ते ब अशी 10 मिनिटांची आडवाट नोंदवून ठेवा. शेवटी प्रश्न आला की दोन्ही टोकांकडून फक्त वरच्या क्रमांकांकडे चढत जायचे. दोन्ही शोध पेठ नाक्यासारख्या मोठ्या ठिकाणी भेटतात आणि आडवाटा उलगडून पूर्ण रस्ता मिळतो. यात कुठेही 'एआय' नाही. त्या नावाखाली ऊस वाहतुकीचे सॉफ्टवेअर विकायला कोणी आले, तर आत हीच बेरीज-तुलना आहे का, एवढे विचारून पाहा.

पण आकुंचनाची खोड अशी, की एक रस्ता बंद झाला तर त्यावर बेतलेल्या सगळ्या आडवाटा खोट्या ठरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सांगलीत हे परवडत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. पाणी तिकडे सरकू लागले की रस्त्यांची यादी रोज बदलते. म्हणून इथे 'एमएलडी' ही दुसरी रीत घ्यावी. 'ओएसआरएम-पार्टिशन' नकाशाचे तालुक्यांसारखे कप्पे पाडते, तर 'ओएसआरएम-कस्टमाइज' प्रत्येक कप्प्याच्या एका वेशीतून दुसऱ्या वेशीपर्यंतच्या वेळांचा तक्ता भरते. रस्ता बंद झाला तर कप्पे तेच राहतात, तक्ते तेवढे नव्याने भरायचे. हे काम आकुंचनाच्या मानाने फार लवकर उरकते.

बंद रस्ता 'कस्टमाइज'ला द्यायच्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या साध्या फाइलमध्ये) लिहायचा: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, वेग 0. बिंदू नकाशातले लगतचेच हवेत; पुलाची दोन टोके देऊन भागत नाही. उलट दिशेची ओळही वेगळी लिहावी लागते. ती विसरलात तर सांगलीहून जाणारी गाडी अडते आणि सांगलीवाडीहून येणारी पुलावर जाते.

शेवटी 'ओएसआरएम-राउटेड' हा प्रश्नांना उत्तरे देणारा सर्व्हर एमएलडी पर्यायासह सुरू करा. पोर्ट (विनंत्या घेण्याचे दार) 5000, तो फक्त मशिनच्या आतल्या पत्त्याला बांधा आणि पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा सर्व्हर) ठेवा, कारण डॉकरने उघडलेला पोर्ट उबंटूच्या फायरवॉलला जुमानत नाही. चाचणीत रेखांश आधी, अक्षांश नंतर: सातारा 74.00,17.68 आणि सांगली 74.58,16.85. उलटे लिहिले तर सातारा नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जातो. गंमत म्हणजे तरीही चूक दाखवली जात नाही. सर्व्हर दोन्ही बिंदू जवळात जवळच्या रस्त्याला चिकटवतो आणि निर्धास्तपणे 'ओके' म्हणत बहुधा शून्याच्या आसपासचे अंतर देतो. विनंतीतल्या 'रेडियसेस' या पर्यायात प्रत्येक बिंदूला 500 मीटरची मर्यादा घाला, मग तो 'नोसेगमेंट' म्हणून तक्रार करेल. उत्तरातले अंतर मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत असते.

'कस्टमाइज' आपला निकाल त्याच फाइलींच्या संचात लिहिते. म्हणून 'पार्टिशन'नंतरच्या संचाची एक प्रत बाजूला ठेवा. पाणी ओसरले की नवे तक्ते त्या कोऱ्या प्रतीवरून भरायचे.