सांधा नसलेली खुर्ची: प्लॅस्टिकच्या फर्निचरची पार्श्वभूमी

लाकडी असो की लोखंडी, खुर्ची आधी सांध्यात खिळखिळी होते. पाय बैठकीला जिथे जोडला आहे तिथे ती कुरकुरते आणि पाठ जिथे अडकवली आहे तिथून सुटते. सांधाच नसलेली, एका साच्यातून अखंड निघालेली खुर्ची करायची, या ध्यासातून प्लॅस्टिकच्या फर्निचरचा बराचसा इतिहास घडला. जुन्या नमुन्यांवर आज लोक जीव टाकतात, कारण त्यांच्या वळणांमध्ये ही धडपड अजून दिसते.

बेकेलाइट हे सुरुवातीचं प्लॅस्टिक 1907 सालीच आलं होतं, पण ते ठिसूळ. टेलिफोन आणि रेडिओची खोकी त्यातून झाली, माणसाचं वजन पेलणारी खुर्ची झाली नाही. वाट मोकळी केली ती फायबरग्लासने, म्हणजे काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर राळ यांच्या मिश्रणाने. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरच्या रडारची आवरणं यातून बनत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1948 मध्ये स्वस्त फर्निचरची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने ठोकलेल्या पत्र्याच्या बैठकीची कल्पना मांडली होती. 1950 मध्ये खुर्ची बाजारात आली ती मात्र फायबरग्लासची. बैठक, पाठ आणि हात एकाच कवचात होते, पाय वेगळे. कवचाखाली रबरी चकत्या चिकटवून त्यांत पायांचे स्क्रू बसवले होते.

जुनी ईम्स खुर्ची घेताना आधी ती उलटी करावी, ते या चकत्यांसाठी. वर्षानुवर्षांनी रबर कडक होतं, गोंद सुटतो आणि बसल्यावर एक पाय अचानक निसटतो. चकती नवी बसवता येते. जुना गोंद पूर्ण खरवडून, पृष्ठभाग थोडा खरखरीत करून इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा घट्ट गोंद) लावायचा आणि पूर्ण सुकेपर्यंत दाब ठेवायचा. घाईने बसवलेली चकती टिकत नाही.

वास्तुशिल्पी एरो सारिनेनला टेबल-खुर्च्यांखालची पायांची गर्दीच नको होती. 1957 च्या सुमाराला आलेली त्याची ट्यूलिप खुर्ची एका देठावर उभी आहे. ती अखंड वाटते, पण देठ अॅल्युमिनियमचा आहे. तेवढ्या बारीक देठावर भार पेलणं फायबरग्लासला जमेना, म्हणून धातूवर कवचाच्याच रंगाचा लेप चढवला.

पुढचं वळण रसायनशाळेतून आलं. 1954 मध्ये इटलीत जुलिओ नाता यांनी पॉलिप्रॉपिलीन तयार केलं. हलकं, लवचीक आणि वितळवून साच्यात दाबता येणारं. फायबरग्लासचं कवच घडवायला आणि घासायला वेळ लागे, इथे वितळलेलं प्लॅस्टिक पोलादी साच्यात जोराने भरायचं आणि थंड झालं की वस्तू बाहेर काढायची, एवढंच. अडचण साच्याची. तो इतका महाग की हजारो नग विकल्याशिवाय खर्च निघत नाही. म्हणून आकार ठरवताना पहिला प्रश्न असे, वस्तू साच्यातून सुटेल का? रॉबिन डे यांनी 1963 मध्ये ब्रिटनमधल्या हिले कंपनीसाठी केलेली खुर्ची या पद्धतीची. तिचं कवच पॉलिप्रॉपिलीनचं, पाय पोलादी नळीचे. इटालियन डिझायनर जो कोलोंबो याच्या कार्टेल कंपनीसाठीच्या खुर्चीत, 1967 मध्ये, पाठीला गोल भोक दिसतं. शोभेपेक्षा त्याचं काम मोठं. वस्तू साच्यातून सुटायला त्याची मदत होते, शिवाय खुर्ची उचलायला बोटं घालता येतात. तिचे पाय सुटे होते, उंच-बुटके बदलता येत.

अखंड खुर्चीचा खरा कस लागला तो डॅनिश डिझायनर व्हर्नर पँटनच्या एस-आकाराच्या खुर्चीत. मागचे पायच नाहीत, सगळा भार खालच्या वळणावर. व्हिट्रा कंपनीने 1967 मध्ये ती फायबरग्लासमध्ये आणली आणि प्रत्येक नग हाताने घासावा लागला. 1968 पासून ती कडक पॉलियुरेथेन फोममध्ये आली, पण घासणं आणि रंगवणं सुटलं नाही. 1971 मध्ये पॉलिस्टायरीन गटातल्या प्लॅस्टिकमुळे थेट साच्यातून तयार, रंगीत खुर्ची मिळू लागली. ओळख सोपी आहे. उलटी केली की वळणाखाली आधाराच्या कडा दिसतात. पण हे प्लॅस्टिक हवेने आणि उन्हाने थकलं, खुर्च्या तडकू लागल्या आणि 1979 मध्ये उत्पादन थांबलं. 1983 मध्ये ती पुन्हा फोममध्ये आली आणि 1999 पासून पॉलिप्रॉपिलीनमध्ये. म्हणजे एकच आकार, पण चार वेगळे पदार्थ आणि चार वेगळे स्वभाव. सत्तरच्या दशकातली खुर्ची शोभेसाठी ठेवावी आणि रोज बसायला 1999 नंतरची घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

1972 मध्ये फ्रान्समध्ये आँरी मासोने यांनी पूर्ण एका तुकड्याची स्वस्त आरामखुर्ची केली, तिथून मोनोब्लॉक, म्हणजे एका तुकड्यात ओतलेली प्लॅस्टिकची खुर्ची, जगभर पसरली. 1973 च्या तेलसंकटाने कच्चा माल महागला आणि प्लॅस्टिकच्या महागड्या फर्निचरचा रुबाब ओसरला. तो परत यायला पंचवीसेक वर्षं लागली. फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कची पारदर्शक लुई घोस्ट खुर्ची 2002 मध्ये पॉलिकार्बोनेटच्या एकाच साच्यातून निघाली. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या काळातली ती बाकदार पाठ आता आरपार दिसते. लहान खोलीत ती जागा खात नाही, जड लाकडी टेबलाशेजारी ती हलकी भासते, म्हणून ती इतकी चालली.

पारदर्शक खुर्चीला अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव किंवा स्पिरिट लावू नये. ताणाच्या जागी आतून बारीक तडे जातात, ते पुसून जात नाहीत. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने पुसावं. कोरड्या फडक्याने घासलं की चरे पडतात आणि स्थिर विजेमुळे धूळ पुन्हा ओढली जाते.

जुनी वस्तू कशाची आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नये. एखादा सुटा तुकडा पाण्यात टाकून पाहावा. तरंगला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथीन, बुडाला तर एबीएस (एक कडक, चिवट प्लॅस्टिक), पॉलिस्टायरीन किंवा पॉलिकार्बोनेट. पॉलिप्रॉपिलीनला घरातला गोंद धरत नाही, तिथे पैसे घालवू नयेत. एबीएस चिकटतं, पण उन्हात पिवळं पडतं, म्हणून ते खिडकीपासून दूर ठेवावं. फायबरग्लासवरची राळ झिजून तंतू उघडे पडले तर अंगाला खाज सुटते. असं कवच कोरडं घासू नये. मास्क लावून, पाणी वापरून बारीक पॉलिश पेपरने हलकं घासावं आणि वर पातळ लेप द्यावा. मूळ रंगावर नवा रंग मारला की जुन्या वस्तूची किंमत उतरते आणि आतले तंतू कायमचे झाकले जातात, ज्यांच्यासाठी ती घेतलेली असते.