सुरंगी

सुरंगी हे पश्चिम घाटाच्या बाजूचं सदाहरित झाड, मुख्यतः दक्षिण कोकण, गोवा आणि खाली कर्नाटकच्या किनाऱ्याकडे दिसतं. शास्त्रीय नाव मॅमिया सुरिगा. जुन्या पुस्तकांत ऑक्रोकार्पस लाँगिफोलियस असं मिळेल, झाड तेच. आधी याला कोकमाच्या कुळात धरायचे, आता उंडी आणि नागकेसर ज्या कॅलोफायलेसी कुळात आहेत त्यात टाकलंय. पानं समोरासमोर, लांबट, जाड, गडद हिरवी, त्यामुळे फुलं नसताना झाड कोणाच्या नजरेत भरत नाही.

पण शिमग्याच्या आसपास गेलात तर झाड दिसायच्या आधी वास येतो. फुलं फांद्यांच्या टोकाला नाही तर जुन्या फांद्यांनाच चिकटून झुपक्यांनी येतात, पाकळ्या पांढऱ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा गच्च गोंडा. मधमाश्या इतक्या असतात की खाली उभं राहिलं तरी गुणगुण ऐकू येते. गजऱ्यासाठी कळ्या पहाटेच काढाव्या लागतात कारण ऊन चढलं की फूल पूर्ण उमलतं आणि मग ते ओवायच्या कामाचं राहत नाही, म्हणजे अंधारात झाडावर चढायचं, काढायचं, घरी बायका बसून वळेसर, म्हणजे गजरे, करणार आणि तेच सकाळी सावंतवाडी, वेंगुर्ला नाहीतर गोव्यात म्हापशाच्या बाजारात. फांदीवरून पडून जायबंदी व्हायची भीती रोजची, गजरा घेताना भाव करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

वेंगुर्ल्याजवळचं आसोली गाव सुरंगीसाठी प्रसिद्ध आहे, तिथे अनेक घरांचं वर्षाचं हाताशी येणारं पैशाचं पीक म्हणजे हेच. गजरा हा त्यातला छोटा भाग, खरा व्यापार सुकवलेल्या कळीचा. कळी सुकली तरी वास जात नाही, बकुळीसारखंच, म्हणून सुकलेला वळेसर लुगड्यांच्या घडीत ठेवायची पद्धत आहे. व्यापारी सुकी कळी विकत घेतात ती अत्तर, सुगंधी द्रव्यं आणि औषधांसाठी जाते. पूर्वी रेशीम रंगवायलाही कळ्या वापरत. आयुर्वेदिक औषधांच्या बाजारात हीच कळी 'तांबडं नागकेशर' म्हणून विकली जाते, यात पुष्कळांची गल्लत होते, खरं नागकेसर वेगळ्या झाडाचं, मेसुआ फेरियाचं, आणि त्याचे वापरतात ते पुंकेसर. काढ्यासाठी घेत असाल तर दुकानदाराला नक्की काय देतोय ते विचारून घ्या. लाकूड टणक असतं, पण फुलणारं झाड लाकडासाठी तोडणं म्हणजे शुद्ध नुकसान.

लागवडीचं म्हणाल तर सुरंगी मुद्दाम लावलेली कमी, बरीचशी परसात, बांधावर, देवराईत आपोआप आलेली. कारण सरळ आहे. बियापासून रोप फार हळू वाढतं, फुलावर यायला कित्येक वर्षं जातात, आणि त्यातही काही झाडं फक्त नरफुलांची तर काहींना द्विलिंगी फुलं, रोप लहान असताना कुठलं ते काहीच कळत नाही. म्हणून मृदुकाष्ठ कलम बरं, चांगल्या फुलणाऱ्या झाडाची कोवळी काडी घेऊन सुरंगीच्याच रोपावर बांधायची, मग झाड लवकर फुलतं आणि कसं निघेल ते आधीच माहीत असतं. जांभ्याची, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि कोकणातला पाऊस एवढं मिळालं की झालं, खताचे फार लाड नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी आणि थोडी सावली द्या, गुरांपासून कुंपण करा. कलम बुटकं ठेवलं तर कळी जमिनीवर उभं राहून काढता येते.