पार्श्वभूमी: पोर्टलंडच्या सायकल संघटनेच्या नावातून सायकल कशी गेली

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात 1990 पासून सायकलस्वारांची बाजू मांडणाऱ्या ‘बायसिकल ट्रान्सपोर्टेशन अलायन्स’ या संघटनेने 2017 च्या सुरुवातीला ‘द स्ट्रीट ट्रस्ट’ हे नवे नाव घेतले आणि त्या नावात सायकल कुठेच नव्हती. त्याआधी काही महिने, 2016 च्या शरद ऋतूत, संघटनेचे काम पादचारी आणि बस-रेल्वेच्या प्रवाशांपर्यंत वाढवण्यास सभासदांनी मान्यता दिली होती. या दोन घटना आजही एकाच दमात सांगितल्या जातात आणि पुढचा बराचसा गोंधळ त्यातूनच झाला आहे.

कार्यक्षेत्राचा विस्तार ऐनवेळी सुचलेली कल्पना नव्हती. ज्या कायद्याचा आधार संघटनेने घेतला, तो 1971 चा राज्य कायदा सर्वत्र ‘सायकल कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. प्रत्यक्षात त्याच्या मजकुरात पदपथ आणि सायकलमार्ग यांचा उल्लेख जोडीनेच येतो, आणि त्यातही पदपथ आधी. रस्ता नव्याने बांधताना किंवा त्याची पुनर्बांधणी करताना या दोन्ही सोयी कराव्यात आणि महामार्ग निधीतून मिळालेल्या रकमेपैकी किमान 1 टक्का त्यांवर खर्च व्हावा, असे तो कायदा सांगतो. नव्वदच्या दशकात शहरात मोठे क्रीडागृह उभे राहत असताना भोवतालच्या रस्त्यांवर सायकल मार्गिका नाहीत म्हणून संघटनेने थेट महापालिकेलाच न्यायालयात खेचले. 1 टक्का खर्च झाला म्हणजे जबाबदारी संपली, हा युक्तिवाद 1995 मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही. त्या निकालाचा लाभ कायद्याच्या शब्दांनुसार पायी चालणाऱ्यांनाही तितकाच होता, मात्र विजयाच्या आठवणी सायकलस्वारांनीच जपल्या.

संघटनेची अगदी पहिली मोहीमसुद्धा सार्वजनिक वाहतुकीशीच जोडलेली होती. सायकल बसवर आणि रेल्वेत नेऊ द्यावी, ही ती मागणी होती. 1992 च्या सुमारास ती मान्य झाली आणि सुरुवातीला त्यासाठी परवानाही काढावा लागे. बसच्या पुढच्या बाजूस दुमडून ठेवलेली लोखंडी चौकट खाली ओढायची, सायकल उचलून तिच्या खाचेत बसवायची, पुढच्या चाकावर आकडा अडकवायचा आणि मग आत चढायचे, अशी ती रीत होती. एका चौकटीत दोनच सायकली मावत. तिसऱ्याने पुढच्या बसची वाट पाहायची. त्या थांब्यावर उभा असलेला माणूस सायकलस्वार होता की बसचा प्रवासी, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

तो विचारला गेला तो पंचवीसेक वर्षांनी, आणि त्याचे मूळ एका शब्दात आहे. संघटनेच्या जुन्या इंग्रजी नावात तीन शब्द होते: सायकल, वाहतूक आणि आघाडी. मराठीत ‘वाहतूक’ हा शब्द रस्त्यावरील कोंडीलाही चालतो आणि प्रवासाच्या व्यवस्थेलाही; इंग्रजीत त्यांना ‘ट्रॅफिक’ आणि ‘ट्रान्सपोर्टेशन’ असे दोन निराळे शब्द आहेत आणि नावात दुसरा घेतला होता. सायकल ही खेळाची वा हौसेची वस्तू नसून रोज कामावर जाण्याचे वाहन आहे, असा त्या निवडीचा रोख होता. परंतु आपल्या पद्धतीने समास सोडवायचा झाला, तर विग्रह दोन निघतात: सायकलीने होणारी वाहतूक, किंवा सायकल आणि वाहतूक. पहिला विग्रह मानणाऱ्यांना विस्तार ही मूळ हेतूशी प्रतारणा वाटली, तर दुसरा मानणाऱ्यांना नाव बदलण्याचीही गरज वाटायला नको होती. नव्या नावात ‘रस्ता’ आला आणि त्याला ‘ट्रस्ट’ जोडला गेला. आपल्याकडे ट्रस्ट म्हटले की देवस्थान किंवा धर्मादाय संस्था डोळ्यांपुढे येते, आणि येथील विरोधाभास असा की, अमेरिकी करकायद्यानुसार संघटना नेमक्या त्याच वेळी धर्मादाय चौकटीच्या बाहेर पाऊल टाकत होती.

ही बाब वादात जवळजवळ हरवली, आणि माझ्या मते खरा बदल तोच होता. अमेरिकेत धर्मादाय संस्थेला उमेदवारांचा प्रचार करता येत नाही आणि कायद्यांसाठीच्या पाठपुराव्यावरही मर्यादा असतात. त्यामुळे राजकीय कामाला मोकळीक देणारा दर्जा मुख्य संघटनेने घेतला आणि धर्मादाय कामासाठी निराळा निधी ठेवला. याचे कारण स्पष्ट होते: रस्त्यांसाठीचा पैसा आता मतपेटीतून येऊ लागला होता. मे 2016 मध्येच पोर्टलंडच्या मतदारांनी इंधनावर गॅलनमागे 10 सेंटचा स्थानिक कर मंजूर केला होता. पैशाच्या या राजकारणात केवळ सायकलस्वारांच्या बळावर बहुमत जमणे अवघड होते. शिवाय भाडी न परवडल्याने अनेक कुटुंबे 82व्या रस्त्याच्या पलीकडे, पदपथही धड नसलेल्या पूर्व भागात सरकली होती. तेथील रहिवाशांची पहिली गरज सायकल मार्गिका नसून बस थांब्यापर्यंत जिवंत पोहोचणे ही होती.

2017 चे राज्याचे वाहतूक विधेयक ही या विस्ताराची पहिली कसोटी ठरली. त्यातून सार्वजनिक वाहतुकीसाठी वेतनावर एक दशांश टक्का कर आला, शाळेच्या सुरक्षित वाटांसाठी वर्षाला 1 कोटी डॉलरची तरतूद झाली, आणि त्याच विधेयकातून 200 डॉलर किंवा त्याहून महाग नव्या सायकलीवर 15 डॉलरचा करही आला. बस आणि पदपथाला पैसा, सायकलीला भुर्दंड. जुन्या सभासदांना यापेक्षा बोलके उदाहरण नको होते. पुढच्याच वर्षी भाड्याच्या इ-स्कूटर चाचणीसाठी शहरात आल्या आणि चार महिन्यांत त्यांच्या सुमारे 7 लाख फेऱ्या झाल्या. विजेवर चालणारे, पण मोटारगाडी नसलेले हे वाहन कोणाच्या बाजूचे, याचे उत्तर जुन्या नावात नव्हते. ‘रस्ता’ या शब्दात ते आपोआप सामावले.

पोर्टलंडमध्ये सायकलीने कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण 2014 मध्ये 7.2 टक्के होते, ते 2021 मध्ये 2.8 टक्क्यांवर आले. याचे खापर नामांतरावर फोडणारे आहेत, पण घट 2017 च्या आधीच सुरू झाली होती आणि कोविड साथीच्या काळात लोक घरूनच काम करत होते, हे ते सोयीस्करपणे वगळतात. 2022 मध्ये 82वा रस्ता राज्याकडून शहराच्या ताब्यात आला. तेथील नियोजनात बससाठी राखीव मार्गिकेचा विषय पुढे आला आहे, आणि सायकलस्वारांना बाजूच्या समांतर गल्ल्यांतून जाण्यास सांगितले जात आहे.