कुचुरगानचं वीजकेंद्र: गॅस एकाचा, वीज दुसऱ्याला, बिल तिसऱ्याच्या नावावर

जानेवारी 2025 मध्ये ट्रान्सनिस्ट्रियाच्या बातम्या आपल्याकडे थोड्याफार आल्या, थंडीत लाखो लोकांचं हीटिंग बंद, गरम पाणी बंद, लोक जंगलातून लाकडं गोळा करतायत वगैरे, आणि मग नेहमीप्रमाणे विषय मागे पडला. पण ते सगळं एका रात्रीत झालेलं नाही, त्यामागे साठ वर्षांची गोष्ट आहे आणि तिच्या मधोमध एक वीजकेंद्र आहे. ते नीट समजलं की हा अख्खा वाद समजतो असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

आधी नकाशा. युक्रेन आणि रोमानिया यांच्यामध्ये मोल्दोव्हा हा छोटा देश. त्याच्या पूर्वेला द्निस्टर नदी, आणि नदीपलीकडे युक्रेनला चिकटून जी लांबट पट्टी आहे ती ट्रान्सनिस्ट्रिया. जगाच्या लेखी हा मोल्दोव्हाचाच भाग, संयुक्त राष्ट्रसंघाच्या एकाही सदस्य देशाने त्याला वेगळा देश म्हणून मान्यता दिलेली नाही, रशियानेसुद्धा नाही. पण तिथे सरकार वेगळं, चलन वेगळं, चेकपोस्ट वेगळे, आणि रशियन सैन्य 1992 पासून तिथेच आहे. राजधानी तिरास्पोल.

या पट्टीच्या दक्षिण टोकाला, युक्रेनच्या अगदी हद्दीवर कुचुरगान नावाचा जलाशय आहे. सोव्हिएत काळात, 1961 च्या सुमारास, तिथे केंद्राचं काम सुरू झालं आणि 1964 मध्ये पहिला युनिट चालू झाला. कामगारांसाठी शेजारी द्निस्त्रोव्स्क नावाचं गावच नवीन वसवलं. पुढे युनिट वाढत गेले, एकूण बारा, क्षमता 2,520 मेगावॅट. लोक त्याला मोल्दावस्काया ग्रेस किंवा नुसतं एमग्रेस म्हणतात. सुरुवातीचे आठ युनिट कोळशाचे होते, कोळसा यायचा पूर्व युक्रेनच्या दोनबास भागातून, नंतरचे युनिट तेल आणि गॅसवर चालणारे. जलाशयाचं पाणी यंत्रं थंड करायला वापरायचं. आणि ही वीज फक्त मोल्दोव्हासाठी नव्हती, ओडेसाकडे जायची, हाय व्होल्टेज लाईनने थेट बल्गेरियापर्यंत जायची. एवढ्या छोट्या प्रजासत्ताकाला 2,520 मेगावॅट कशाला लागतील, मॉस्कोने ते अख्ख्या प्रदेशासाठी बांधलं होतं, तेव्हा मधल्या सीमा म्हणजे कागदावरच्या रेघा होत्या.

पण मॉस्कोने कारखाने कुठे टाकले हे बघण्यासारखं आहे. नदीच्या पश्चिमेचा भाग 1940 पर्यंत रोमानियाकडे होता, तो सोव्हिएत संघाने घेतला आणि पूर्वेकडची पट्टी जोडून एक प्रजासत्ताक केलं. पश्चिमेला शेती आणि द्राक्षमळे, पूर्वेला अवजड उद्योग, रिब्नित्साचा पोलाद कारखाना आणि हे वीजकेंद्र. म्हणजे सोव्हिएत संघ मोडताना परिस्थिती अशी की प्रजासत्ताकाची साधारण नव्वद टक्के वीज नदीच्या त्या अरुंद बाजूला तयार होत होती. 2 सप्टेंबर 1990 ला त्या बाजूने आपण वेगळे असं जाहीर केलं, 1992 मध्ये युद्ध झालं, बेंदेर शहरात रक्तपात झाला, तिथली रशियन चौदावी आर्मी फुटीरांच्या बाजूने उतरली आणि जुलै 1992 मध्ये युद्धविराम झाला. देश मोल्दोव्हाचा, वीज तिरास्पोलच्या हातात, हे तेव्हापासूनचं.

आता खरा मुद्दा, गॅसचा. नव्वदच्या दशकात कोळसा कमी होत गेला आणि केंद्र मुख्यतः रशियन गॅसवर चालायला लागलं. तो गॅस यायचा युक्रेनमार्गे. करार कुणाशी, तर मोल्दोव्हागॅझ या कंपनीशी. या कंपनीत निम्मा हिस्सा गॅझप्रॉमचा, म्हणजे रशियाच्या सरकारी गॅस कंपनीचा, साधारण 35 टक्के मोल्दोव्हा सरकारचा आणि उरलेल्यातला बराचसा ट्रान्सनिस्ट्रियाचा. म्हणजे गॅझप्रॉम ज्या कंपनीला गॅस विकतो त्या कंपनीत सगळ्यात मोठा मालक गॅझप्रॉमच. तो गॅस तिरास्पोलच्या स्थानिक कंपनीकडे जायचा, ती घरांना, कारखान्यांना आणि वीजकेंद्राला अगदी स्वस्तात विकायची, जे पैसे जमायचे ते स्थानिक सरकारच्या बजेटमध्ये जायचे, पगार पेन्शन त्यातूनच. आणि गॅझप्रॉमला? जवळपास काहीच जायचं नाही. ते सगळं मोल्दोव्हागॅझच्या खात्यावर थकबाकी म्हणून चढत राहायचं. काही वर्षांपूर्वी आकडा सात अब्ज डॉलरच्या आसपास होता, 2024 पर्यंत तो दहा अब्जांच्याही पुढे गेला.

आता यात वीजकेंद्र काय करतं ते बघा. फुकटात आलेला गॅस जाळायचा, वीज बनवायची, आणि ती नदीपलीकडे मोल्दोव्हाला विकायची, तिथून मात्र रोख पैसे यायचे. गॅसचे पैसे द्यायचे नाहीत पण विजेचे घ्यायचे. मोल्दोव्हाच्या राजधानीतला, म्हणजे चिशिनाऊतला माणूस महिन्याच्या महिन्याला वीजबिल भरायचा आणि त्यातला पैसा ज्या राजवटीला त्याचा देश मान्यच करत नाही तिच्या तिजोरीत पोचायचा. मला वाटतं सैन्यापेक्षाही या व्यवस्थेने ट्रान्सनिस्ट्रिया इतकी वर्षं तगली. आणि मोल्दोव्हाने हे का चालवून घेतलं, तर वीज स्वस्त होती आणि दुसरीकडून आणायची सोय नव्हती. नंतर काही वर्षं तर मध्ये एनर्गोकापिटाल नावाची मध्यस्थ कंपनीही होती, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बड्या मंडळींची या धंद्यात सोय होती असा आरोप मोल्दोव्हात कायम होत आलाय.

मालकी हा आणखी एक गुंता. 2003 च्या शेवटी तिरास्पोलने हे केंद्र सां गिदो इन्व्हेस्ट या बेल्जियममधल्या कंपनीला 29 मिलियन डॉलरना विकलं. 2,520 मेगावॅटच्या केंद्राला ही किंमत. थोड्याच काळात, 2005 मध्ये, ते रशियाच्या इंटर राओ कंपनीकडे गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भाववाढीवरून भांडण झालं आणि केंद्राने मोल्दोव्हाचा पुरवठा बंद केला, मग मोल्दोव्हाला युक्रेनची वीज घ्यावी लागली. म्हणजे हा बटण बंद करायचा प्रकार 2022 किंवा 2025 चा नाही, त्याची पहिली झलक वीस वर्षांपूर्वीच दिसली होती आणि तरी पर्यायी लाईन उभी करायचं काम रेंगाळत राहिलं. याचा मला खरंच राग येतो.

लाईनचं सांगायलाच हवं कारण इथेच सगळी मेख आहे. रोमानियातून मोल्दोव्हात येणारी 400 किलोव्होल्टची मुख्य लाईन इसाकचाहून दक्षिणेतल्या वुल्कानेश्टला येते आणि तिथून सरळ कुचुरगानच्या स्विचयार्डमध्ये, म्हणजे केंद्राच्या आवारात लाईनी जोडायच्या जागी, जाते, मग तिथून चिशिनाऊकडे. आपल्या घराची पाण्याची मेन लाईन भांडणाऱ्या शेजाऱ्याच्या अंगणातून यावी तसं हे. रोमानियाकडून वीज विकत घेतली तरी ती फिरून त्याच केंद्राच्या आवारातून येणार. म्हणून वुल्कानेश्ट ते चिशिनाऊ अशी थेट लाईन टाकायचं काम वर्ल्ड बँकेच्या कर्जातून हाती घेतलं गेलं.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि गणित बदललं. त्याच दिवशी पहाटे मोल्दोव्हा आणि युक्रेनचं ग्रीड चाचणीसाठी रशियन ग्रीडपासून वेगळं केलेलं होतं, ते परत जोडलंच नाही, 16 मार्चला थेट युरोपियन ग्रीडला जोडलं. पण केंद्र होतं तिथेच. त्या ऑक्टोबरमध्ये गॅझप्रॉमने पुरवठा कमी केला, नोव्हेंबरमध्ये केंद्राने चिशिनाऊची वीज थांबवली, आणि 15 आणि 23 नोव्हेंबरला युक्रेनच्या ग्रीडवर रशियन मिसाइल पडली तेव्हा शेजारच्या मोल्दोव्हातही अंधार झाला. एक मिसाइल मोल्दोव्हावर न पडता. डिसेंबरमध्ये तडजोड झाली, गॅझप्रॉमचा सगळा गॅस ट्रान्सनिस्ट्रियाला, मोल्दोव्हा स्वतःसाठी युरोपच्या बाजारातून गॅस घेणार, आणि बदल्यात केंद्र 73 डॉलर प्रति मेगावॅट-तास दराने वीज देणार. तो दर तेव्हाच्या युरोपियन बाजाराच्या मानाने खूप कमी होता. दोन वर्षं यावर निघाली.

मग 31 डिसेंबर 2024. रशियन गॅस युक्रेनमधून नेण्याचा पाच वर्षांचा करार संपला, युक्रेनने वाढवला नाही. रशियाला तुर्कीमार्गे गॅस पाठवता आला असता, पण गॅझप्रॉमने त्याआधीच 28 डिसेंबरला सांगून टाकलं की मोल्दोव्हाने 709 मिलियन डॉलर थकवलेत म्हणून 1 जानेवारीपासून पुरवठा बंद. हे 709 मिलियन नदीच्या पश्चिमेकडचे, पूर्वेकडच्या अब्जावधींचा यात संबंध नाही. आणि मोल्दोव्हाने परदेशी ऑडिटर लावून 2023 मध्ये हिशोब तपासला तर देणं फक्त 8.6 मिलियन निघालं होतं.

1 जानेवारीला सकाळी ट्रान्सनिस्ट्रियात हीटिंग आणि गरम पाणी गेलं. तिथल्या हीटिंग कंपनीने लोकांना सूचना काढल्या: गरम कपडे घाला, घरातल्या सगळ्यांनी एकाच खोलीत बसा, खिडक्यांना आणि बाल्कनीच्या दाराला ब्लँकेट किंवा जाड पडदे लावा, इलेक्ट्रिक हीटर वापरा पण स्वयंपाकाच्या शेगडीवर खोली गरम करू नका. म्हातारी माणसं सहाव्या सातव्या मजल्यावर, आणि हीटर लावायचा तर वीज हवी. केंद्राने जुने कोळशाचे युनिट सुरू केले, कोळसा साधारण पन्नास दिवसांचा होता, पण सगळ्यांनी हीटर लावल्यावर लोड झेपेना. 3 जानेवारीपासून लोडशेडिंग, आधी तासभर, मग तीन, चार, आणि काही दिवसांत दिवसाला आठ तास. खाण्यापिण्याचे उद्योग सोडून बाकी कारखाने बंद. पलीकडे मोल्दोव्हाने वीज रोमानियातून घेतली, अंधार झाला नाही पण बिलं भरमसाट वाढली. ज्या लोकांच्या नावाने हे राज्य उभं केलं त्यांच्या अंगावर ब्लँकेट, आणि मॉस्को म्हणतं दोष चिशिनाऊ आणि कीवचा. माझ्या मते गॅस दुसऱ्या मार्गाने देणं शक्य असताना तो न देणारा इथे पहिला जबाबदार आहे.

1 फेब्रुवारीला युरोपियन युनियनच्या 20 मिलियन युरोंतून दहा दिवसांचा गॅस आला. पुढे युरोपने 60 मिलियनची ऑफर ठेवली, अट अशी की गॅस-विजेचे दर हळूहळू वाढवायचे. तिरास्पोलने नाही म्हटलं. त्याऐवजी एक हंगेरियन कंपनी गॅस आणणार, दुबईची एक कंपनी पैसे भरणार आणि मागे रशियाचं कर्ज असणार, असा मार्ग काढला. घरं गरम झाली. पण मोल्दोव्हा आता तिथली वीज घेत नाही, त्यामुळे केंद्राला रोख पैसे देणारं ते मोठं गिऱ्हाईक गेलंय, आणि जुनी थकबाकी अजून मोल्दोव्हागॅझच्याच खात्यावर आहे.